चिपेताच्या टेकडीवरची पट्टी

५ जून

आज चिपेतात तंबू ठोकले. उद्यापासून सुरुंग शोधत दिवसभर तोंडावर काच घेऊन गुडघ्यांवर बसायचं, शेजारच्या पट्टीतल्या बाईशीही बोलायचं नाही. आणि काम सुटलं की सगळ्या बायका एकाच तंबूत एकदम बोलतात. मला मात्र तेव्हा बोलायचं सुचत नाही. म्हणून हे लिहिणं.

जमीन पाहून आलो. लुवेले नदीच्या वळणातली मळई, काळीभोर. लढाई सुरू झाल्यापासून तिच्यात कुणाची कुदळ पडलेली नाही. गवत माझ्या डोक्याच्या वर गेलंय. पूल राखायला आधी एका बाजूने सुरुंग पेरले, मग दुसऱ्या बाजूने. पूल कधीच गेला, सुरुंग राहिले. गावाच्या मागे टेकडी आहे. तिच्यावर सैन्याचा तळ होता, उतारावर सुरुंग आहेतच. पण टेकडी आमच्या कामात नाही.

सापालोला विचारलं, "टेकडी का नाही? सरपणाला माणसं तिकडेच जाणार ना?"

सापालो आमच्या तुकडीचा प्रमुख. बोलायला पैसे पडत असल्यासारखा बोलतो. म्हणाला, "वरून मळई आली. मळई करायची."

मला उलट बरं वाटलं. वर कुणाला तरी या गावाच्या पोटाची काळजी आहे म्हणायची.

९ जून

रताळी आणि कोळसा विकायला एक बाई येते, चिसोला. माझ्याहून लहान. नवरा लुंडाकडे हिऱ्यांच्या खाणीवर गेला तो गेलाच. घरी आई आणि दोन मुली. तोंडाला लगाम नाही.

"माना बेनविंदा," आज मला थोरल्या बहिणीसारखी हाक मारून म्हणाली, "पाद्रीबुवासुद्धा तुमच्याइतके गुडघ्यावर बसत नाहीत. देव काही देतो का?"

"देतो की. आज एक दिला."

"केवढा?"

"बशीएवढा."

"मग बाई तुझ्याकडेच ठेव. माझ्याकडे मांडायला जागा नाही."

सगळ्या हसलो. जाताना तिने मला नदीकडचं एक मोठं मुलेंबाचं झाड दाखवलं. त्या झाडापासून पाण्यापर्यंतची जमीन तिच्या आजीची. आजी तिथे कोरड्या दिवसांतही मका आणि घेवडा घ्यायची. लढाईत गाव पळालं तेव्हा चिसोला आईच्या पाठीवर होती. जमीन तिने लांबूनच पाहिलीय. तरी कुठे दगड लागतो, कुठे ओल टिकते, सगळं आईकडून तोंडपाठ.

"झाडापर्यंत कधी पोचाल?" तिने विचारलं.

"मका पेरायच्या आत," मी म्हणाले.

सापालोने ऐकलं. तो म्हणाला, असं कुणाला सांगत जाऊ नकोस. का नाही? पोचणारच आहोत.

२ जुलै

जमीन विटेसारखी झालीय. पाणी ओतायचं, भिजू द्यायचं, मग कडेकडेने खरवडायचं. घाई केली की सळई घसरते. आज धातू शोधायचं यंत्र गायलं, मी तासभर खरवडत बसले आणि निघालं काय, तर सार्डिनचा डबा. कुणा सैनिकाने खाऊन फेकलेला. त्याच्या पलीकडे हातभर अंतरावर खरा होता. डब्यावर चिडून मी जोरात पुढे सरकले असते तर?

हात थरथरले नाहीत. घरी मुलीचे केस विंचरताना थरथरतात, इथे नाही. हे कुणाला सांगायचं नाही.

१४ जुलै

आज पांढऱ्या गाडीतून एक साहेब आले. सगळे त्यांना इंजिनियर वाल्देमिरो म्हणत होते. स्वच्छ बूट, मऊ आवाज. आमच्यासाठी गार पेयांची पेटी आणली आणि प्रत्येकीला एक टोपी. आजवर पाहुणे आले की फोटो काढून जातात, सुरुंग बघतात आणि अंगावर काटा आला म्हणतात. यांनी सुरुंगांबद्दल काहीच विचारलं नाही. जमिनीबद्दल विचारलं. पाणी कुठवर चढतं, ओल कुठे टिकते, काळी माती किती खोल. मी गुडघ्यावर बसून बसून ती माती ओळखायला लागले होते, आणि उरलेलं मला चिसोलाकडून ठाऊक होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी माती हातात घेतली, वास घेतला.

"तुमच्यासारख्या बायका आहेत म्हणून हा देश उभा राहील," म्हणाले.

बहुतेक कालवा काढणार असतील. चिसोलाला सांगितलं. ती म्हणाली, "कालवा? आमच्यासाठी?" आणि टोपी मागून घेतली. तिच्या धाकटीला हवी होती.

११ ऑगस्ट

चार आठवडे लिहायला जमलं नाही. मुलेंबाच्या झाडाभोवती सुरुंगांची दाट पेरणी होती. रोज दुपारी शिट्टी वाजली की त्या दिवशी सापडलेले उडवतो. आवाज झाला की गावातल्या म्हाताऱ्या छातीवर क्रूस करतात आणि पोरं मोजतात, किती झाले.

चिसोलाची कोळशाची पोती वाढलीत. मी म्हटलं, "एवढा कोळसा आणतेस कुठून? गावाजवळ तर एक झाड उरलं नाही."

"मागून."

"मागून म्हणजे?"

"तू सुरुंग शोध, माना, कोळसा मी शोधते."

आमच्या स्वयंपाक्याने दोन पोती घेतली. चांगला, कडक लाकडाचा कोळसा आहे.

१२ सप्टेंबर

मळई संपली. शेवटची पट्टी माझी होती, पाण्यापर्यंत. लुवेलेत हात धुतले. सापालोने माझ्या पट्ट्या पुन्हा यंत्र फिरवून तपासल्या. एक खिळासुद्धा नाही.

दुपारी चिसोला आईला घेऊन आली. म्हातारीला डोळ्यांनी नीट दिसत नाही. झाडाला हात लावला, मग चपला काढल्या आणि अनवाणी चालत गेली. थेट पाण्यापर्यंत. कुणी तिला धरलं नाही. मी हे काम का करते असं मला लोक विचारतात, तेव्हा मला बोलता येत नाही. पुढच्या वेळी हे सांगेन.

१३ सप्टेंबर

सकाळी मोजणीवाले आले. मळईच्या चारी कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब रोवले. सोबा लुसाती, गावचे प्रमुख, त्यांच्यामागून काठी टेकत फिरत होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "हे कशाचे?" मोजणीवाला म्हणाला, "मालकाचे."

"मालक आम्हीच," सोबा म्हणाले.

"कागद आहे का, पापा?"

सोबा म्हणाले, "कागद? माझा बाप इथे पुरलाय."

मालक म्हणजे इंजिनियर वाल्देमिरो. मी आधी ऐकण्यात चूक झाली असं समजले.

१४ सप्टेंबर

सोबा माझ्याकडे आले. कोट घालून, डोक्यावर हॅट, जणू कुणाच्या लग्नाला निघालेत. चिसोला बरोबर होती. ती एकदाही विनोद करून बोलली नाही.

सोबा म्हणाले, "पोरी, तुम्ही जमीन अजून हवाली केलेली नाही ना?"

"परवा करणार."

"मग तू म्हण, एक राहिलाय. झाडाजवळ कुठेतरी. यंत्राने आवाज दिला, पण सापडत नाही म्हण. त्या साहेबाच्या ट्रॅक्टरवाल्यांना सुरुंगाची भीती आहे. आम्हाला नाही. आम्ही पेरून घेऊ. एकदा मका उभा राहिला की मग काढू दे त्यांना आम्हाला बाहेर."

मी म्हटलं, "पापा, मला असं बोलता येणार नाही."

"खोटं कुणीच बोलत नाही का?"

"बाकी सगळे बोलत असतील. पण मी 'साफ आहे' म्हणते आणि म्हातारी माणसं चपला काढून चालतात. मी 'आहे' म्हटलं आणि नव्हता, तर उद्या 'नाही' म्हणेन तेव्हा कोण विश्वास ठेवेल?"

चिसोला म्हणाली, "तुझा विश्वास राहू दे. आम्ही पेरायचं कुठे?"

मी सांगितलं, कचेरीत अर्ज करा, मी सही करेन, सगळ्या बायका करतील. सोबांनी हॅट काढली, आतून बघितली, पुन्हा घातली. मग दोघं गेले.

मला रडू आलं, पण मी चूक नाही. हे लिहून ठेवते. मी चूक नाही.

१५ सप्टेंबर

आज एक अपमान झाला. सगळ्यांसमोर. जेवताना सापालो ताट घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बेनविंदा, झाडाजवळच्या तुझ्या पट्टीबद्दल खात्री आहे?"

"आहे."

"मुळांच्या खाली यंत्राला नीट ऐकू येत नाही. कधी कधी चूक होते. झाली असेल तर त्यात लाज नाही. उद्या सकाळपर्यंत विचार कर. हवं तर ती बाजू पुन्हा करायला घेऊ. महिना लागेल, दोन लागतील. पाऊसही लागेल मध्ये."

इतकी वर्षं मी याच्या हाताखाली काम केलं. आजवर माझी एक पट्टी परत करावी लागलेली नाही. आणि याने स्वतः तपासली होती तीन दिवसांपूर्वी! मी उभी राहिले. मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "त्या जमिनीत एक खिळासुद्धा नाही. माझ्या मुलीला तिथे नाचवेन मी."

"ठीक," म्हणाला. ताटातलं मक्याचं फुंजे तसंच टाकून उठला.

गर्विष्ठ माणूस. चूक कबूल करणं जमत नाही, म्हणून जेवणसुद्धा सोडलं.

१६ सप्टेंबर

हवाली झाली. रिवाजाप्रमाणे आम्ही सगळ्या हातात हात घालून मळई चालून गेलो, म्हणजे जमीन साफ आहे हे लोकांना दिसावं. एरवी गाव मागून नाचत येतं. आज कुणी आलं नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तारांची वेटोळी भरलेला ट्रक बाजूला उभाच होता.

निघताना सोबांचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी विचारलं, "तुमच्या प्रमुखाने तुला विचार करायला वेळ दिला होता म्हणे."

"त्याला माझ्या कामाची खात्री नव्हती, पापा."

सोबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "हो. तसंच असेल."

३ ऑक्टोबर

नवीन काम चिपेतापासून फटफटीने दहा मिनिटांवर. रस्त्याची कड साफ करतोय. ढग येऊन जातात. सगळीकडे पेरणी चालू आहे. आमच्या अर्जाचं काही झालं नाही.

बाजारात चिसोला भेटली. रताळी नव्हती, नुसता कोळसा. मी हाक मारली. तिने पोतं डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "घाईत आहे, माना. पेरायचं आहे." बरं वाटलं. म्हणजे कुठेतरी जमीन मिळाली.

८ नोव्हेंबर

हात धुतले तरी रक्ताचा वास येतो. लिहिते, नाहीतर झोप नाही.

सकाळी काम सुरू होतं. आवाज आला, लांबून, दबका. आमचा नव्हता. सापालोने शिट्टी मारली, सगळ्या थांबलो. थोड्या वेळाने भाड्याची फटफटी चालवणाऱ्या एका कुपापाताच्या मागे बसून सोबा आले. हॅट नव्हती.

"टेकडीवर," एवढंच म्हणाले.

गाडीत बसतानाच मला कळलं होतं कोण ते.

टेकडीच्या उतारावर, जिथे झाडं तोडून तोडून मोकळं झालंय, तिथे खालपासून वरपर्यंत कुदळीने ओळी खणलेल्या. माझ्या लक्षात आलं, या वाटेने ती कितीतरी दिवस कोळशाला येत असणार. पायाखालची वाट तिला पाठ होती. ओळी मात्र वाटेच्या बाहेर गेल्या होत्या. चिसोला वर पडली होती, कुशीवर. खाली सगळं गाव. तिची आई लोकांनी धरून ठेवलेली. कुणी पाऊल टाकत नव्हतं.

तिच्याच वाटेने वर जावं म्हटलं, पण ती वाट तरी खरी साफ होती का? आजवर वाचली म्हणून साफ म्हणायची? सापालोने नकारार्थी मान हलवली. "नवीन पट्टी. सरळ. बेनविंदा, तू."

मी काच खाली घेतली आणि गुडघ्यावर बसले.

"चिसोला!"

"माना? तूच ना?" आवाज अगदी नेहमीचा होता. त्याचीच भीती वाटली.

"हलू नकोस. कमरेचं फडकं सोड. मांडीला बांध, गुडघ्याच्या वर. आवळ. आणखी आवळ."

"पाऊल नाही गं माझं."

"माहीत आहे. आवळ."

यंत्र फिरवायचं, हात फिरवायचा, पुढे सरकायचं. पावसाने माती मऊ होती, तेवढं नशीब. मी तिला बोलायला लावत होते. काय पेरलंस? मका. अजून काय? घेवडा. आईने बी ठेवलं होतं. मुली कुठे? शाळेत. "त्यांना टेकडी चढू देत नाही मी," ती म्हणाली. "मी काय मूर्ख आहे?"

अर्ध्या वाटेवर यंत्र गायलं. खरवडलं. होता. बशीएवढा, हिरवा, काल पेरल्यासारखा. तो काढत बसायला वेळ नव्हता. लाल खुंटी ठोकली आणि पट्टी उजवीकडे वळवली.

"का थांबलीस?"

"थांबले नाही. वळते आहे."

"सावकाश कर, माना. माझा आज बाजार नाही."

त्यानंतर ती गप्प झाली. मी हाका मारत होते, शिव्या देत होते. पुढे काय केलं ते आठवत नाही, हात करत होते. मग माझा हात तिच्या हाताला लागला. गार होता. पण बोटं हलली.

स्ट्रेचर त्याच पट्टीतून नेलं, एकामागे एक, आणि त्या वळणावर तिरपं करून.

१० नोव्हेंबर

वांबोच्या इस्पितळात आहे. पाय गुडघ्याच्या वरून कापला. जिवंत आहे.

टेकडीवरचा तो एक सुरुंग आज उडवला. सापालोने माझी पट्टी दोन्ही कडांनी पुन्हा तपासली, आणि दोन्ही बाजूंना लाल रंगवलेले दगड लावले. टेकडीसाठी पुन्हा लिहिलंय म्हणाला. उत्तर येईल तेव्हा येईल.

मी त्याला म्हटलं, "मी तेव्हा खोटं बोलले असते तर ती मळईत पेरत असती."

"हो," तो म्हणाला. मग रंगाचे हात पुसत, "तुझं काम चोख होतं, बेनविंदा. मला त्यात कधीच शंका नव्हती."

मग त्या दिवशी विचारलंस कशाला? हे मला नंतर सुचलं. तोवर तो गेला होता.

२९ नोव्हेंबर

चिसोलाला भेटायला गेले. केळी आणि साबण नेला. दाराशीच पाय अडले. काय म्हणेल?

ती भिंतीला टेकून बसली होती. "ये. बस. माझ्या पायाशी जागाच जागा आहे."

मला हसता आलं नाही. मी म्हणाले, "चिसोला, त्या वेळी..."

"नको. माफी नको मागूस, मग मला द्यावी लागेल, आणि आज अंगात ताकद नाही." चादर ओढली. "एक सांग. तू माझ्यापर्यंत जी पट्टी काढलीस, ती साफ आहे?"

"आहे."

"नक्की?"

"नक्की."

"किती रुंद?"

मी हात पसरून दाखवले. तिने बघितलं. डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी आखत होती. "दोन ओळी बसतील," म्हणाली.

१७ फेब्रुवारी

सुट्टी घेऊन चिपेताला गेले. मळईभोवती तार आहे. आत काहीच पेरलेलं नाही. गवत पुन्हा कमरेएवढं झालंय. एक राखणदार झाडाखाली झोपला होता.

टेकडी लांबूनच दिसली. उजाड उतारावर एक हिरवी रेघ, खालून वर गेलेली, मध्ये उजवीकडे वळलेली आणि मग एकदम थांबलेली. मका. माझ्या खांद्याच्या वर. खाली चिसोला कुबडी मांडीवर घेऊन बसली होती आणि आईला आवाज देत होती, इथलं तण काढ, तिथलं राहिलं.

"वर जाऊन ये," मला म्हणाली. "तूच काढलेलं शेत आहे."

मी अंग तिरपं करून दोन ओळींमधून चढत गेले. कणसं धरली होती. वळणावर थांबले, कारण काहीतरी खटकलं. माझी पट्टी मला हाताला ठाऊक आहे. लाल दगड आणि मक्याचं खोड यांच्यात जेवढं अंतर हवं तेवढंच होतं, दोन्हीकडे. पण ओळी दोन नव्हत्या. तीन होत्या.

दगड सरकवले होते. एका बाजूचे, सगळे, वळणापासून वरपर्यंत, हातभर बाहेर.

खाली येऊन विचारलं, "दगड कुणी हलवले?"

म्हातारी तण काढत राहिली. चिसोलाने कुबडीच्या टोकाने माती उकरली. "तीन ओळींत चार माणसं जेमतेम जेवतात, माना. दोन ओळींत नाही."

"पेरताना काही झालं नाही म्हणून..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "माझ्याएवढं कुणाला माहीत आहे?"

मी पुन्हा वर गेले. गुडघ्यावर बसून एकेक दगड उचलला आणि जिथे माझी पट्टी संपते तिथे परत ठेवला. बराच वेळ लागला. कुणी अडवलं नाही, कुणी मदतही केली नाही. झालं तेव्हा तिसरी ओळ दगडांच्या पलीकडे उभी होती, कणसांनी वाकलेली. ती उपटून टाकायला हात पुढे केला. उपटली असती तर मुळाखालची माती हलली असती. आणि तसं नसतं, तरी मला उपटता आली नसती.

तशीच सोडून आले. कणसं महिन्याभरात तयार होतील. ती काढायला कोण हात घालणार, ते मी विचारलं नाही.